लोकमत, नेतृत्व आणि परकीयांविषयीचा कायदा : सोलापूरच्या अनुभवावरून एका सिद्धान्ताची चिकित्सा

१

स्थलांतराच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांत गेल्या काही दशकांपासून एक विधान जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. बाहेरून येणाऱ्या लोकांविषयी सामान्य जनतेचे मत कठोर असते; राजकीय पुढाऱ्यांचे धोरण त्या मानाने उदार असते; आणि कायदा पुस्तकात कडक असला तरी त्याची अंमलबजावणी सैल राहते, असे ते विधान होय. वेन कॉर्नेलियस, फिलिप मार्टिन आणि जेम्स हॉलिफील्ड यांनी १९९४ मध्ये संपादिलेल्या ग्रंथाने या अंतराला सिद्धान्ताचे रूप दिले, आणि गॅरी फ्रीमन यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात त्याची कारणमीमांसा केली. फ्रीमन यांच्या मते स्थलांतराचा लाभ थोड्या संघटित लोकांच्या, मुख्यतः मजूर हवे असणाऱ्या मालकांच्या, पदरात पडतो. झीज मात्र पुष्कळ असंघटित लोकांत वाटली जाते. साहजिकच पुढारी संघटितांचे ऐकतात आणि जनतेचे मत अनुत्तरित राहते.

हा सिद्धान्त ज्या देशांच्या निरीक्षणातून निघाला, त्या देशांपुरती त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो भारताला, आणि विशेषतः महाराष्ट्राला, जसाच्या तसा लावू पाहणाऱ्यास दोन अडचणी जाणवतात. पहिली अशी की, येथे पुढाऱ्यांची भाषा जनतेच्या भाषेपेक्षा सौम्य नसून पुष्कळदा अधिक तिखट असते. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. ‘लोकमत’ या शब्दाने नेमके काय मोजावयाचे, हाच प्रश्न हा सिद्धान्त सुटलेला धरून चालतो. सोलापूर नगराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या दुसऱ्या अडचणीवर प्रकाश टाकण्यास विशेष उपयोगी आहे.

२

१८६० मध्ये सोलापुरास रेल्वे आली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे पुढे ‘जुनी मिल’ या नावाने सर्वतोमुखी झालेली गिरणी, सुरू झाली. सूत जवळ मिळू लागले, माल बाहेर पाठविण्याची सोय झाली, आणि निजामाच्या राज्यातील तेलंगणाच्या कोरडवाहू मुलखातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे सोलापुराकडे वाढत्या संख्येने येऊ लागली. डग्लस हेन्स आणि तीर्थंकर रॉय यांनी विणकरांच्या स्थलांतराचा जो अभ्यास केला आहे, त्यावरून अशी स्थलांतरे भारतीय कारागिरांच्या जीवनात अपवादात्मक नव्हती, हे स्पष्ट होते. सोलापूरचे वैशिष्ट्य स्थलांतराच्या घटनेत नसून तिच्या परिणामात आहे.

या विणकरांची भाषा तेलुगू होती, कुलदैवत मार्कंडेय होते, आणि ज्या सीमेपलीकडून ते आले ती सीमा कागदावरची नव्हती. एका बाजूस मुंबई इलाखा होता आणि दुसऱ्या बाजूस हैदराबाद संस्थान. नळदुर्ग-तुळजापूरचा टापू संस्थानात होता. अक्कलकोट हे तर निराळेच संस्थान होते. येणारा विणकर ब्रिटिश प्रजाजन नव्हता, निजामाचा रयत होता. परंतु त्याच्या मागावर विणली जात होती ती मराठी स्त्रियांच्या नेसण्यातली लुगडी. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, लुगड्यांच्या जोडीला सोलापुरी चादर आली, मग टॉवेल आले. घरातील पुरुष मागावर आणि स्त्रिया विडीच्या कामावर, अशी श्रमाची विभागणी पूर्वभागातील घरोघर रूढ झाली. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले संस्थेच्या वतीने १९६५ मध्ये सोलापूर नगराच्या सामाजिक-आर्थिक जीवनावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हातमाग व विडी या धंद्यांना जे स्थान मिळाले आहे, ते या नगराच्या घडणीशी सर्वस्वी सुसंगत आहे.

या बाहेरून आलेल्या समाजाविषयी सोलापूरचे लोकमत काय होते? त्या काळी मतांची पाहणी करण्याची पद्धत नव्हती, म्हणून उत्तर आचरणातूनच शोधावे लागते. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमांच्या शाळा या नगरात चालत आल्या. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आणि संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, दोन्ही नगराचे उत्सव ठरले. १२ जानेवारी १९३१ रोजी मार्शल लॉच्या प्रकरणात फाशी गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना नगराने एकाच चौकात स्मरणात ठेवले, आणि त्यांतल्या कोणाचे घराणे मूळचे कोठले याचा हिशेब मांडला नाही. सर्वांत बोलका पुरावा मतपेटीचा आहे. १९८० ते १९९६ या काळातील लोकसभेच्या पाचही सार्वत्रिक निवडणुकांत सोलापूरने गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ या पद्मशाली समाजातील व्यक्तींना निवडून दिले. यांतले पहिले दोघे काँग्रेसचे, तिसरे भारतीय जनता पक्षाचे. म्हणजे हा एकाच पक्षाचा हिशेबीपणा होता असेही म्हणता येत नाही. विधानसभेत नरसय्या आडम यांनी मार्क्सवादी पक्षाच्या वतीने याच नगराचे प्रतिनिधित्व केले. ज्या मतदारसंघात मराठी आणि कन्नड बोलणारे मतदार मोठ्या संख्येने आहेत, तेथे हे घडले.

३

या घटनेचे स्पष्टीकरण मायरन वीनर यांच्या ‘सन्स ऑफ द सॉइल’ (१९७८) या ग्रंथात सापडते, असे म्हणता येईल. वीनर यांनी आसाम, छोटा नागपूर आणि हैदराबाद येथील भूमिपुत्र-चळवळींचा अभ्यास करून त्या कोणत्या परिस्थितीत उद्भवतात हे दाखविले. बाहेरून आलेले लोक संस्कृतीने वेगळे असावेत, स्थानिक लोक फारसे गाव न सोडणारे असावेत, स्थानिक सुशिक्षितांत बेकारी असावी, आणि मध्यमवर्गीय नोकऱ्या बाहेरच्यांच्या हाती असाव्यात, अशा त्या अटी होत. मेरी कॅट्झेनस्टीन यांनी १९७९ मध्ये मुंबईतील शिवसेनेवर लिहिलेल्या ग्रंथाचा निष्कर्षही या दिशेस जातो. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या त्या संघटनेचा पहिला रोष कचेऱ्यांतील दक्षिण भारतीय कारकुनांवर होता. सोलापूरच्या पद्मशाल्यांनी कचेऱ्या व्यापल्या नव्हत्या. ते मागावर होते. चळवळ झाली नाही, यात वीनर यांच्या दृष्टीने आश्चर्य नाही.

हे स्पष्टीकरण आपल्या मर्यादेत यथार्थ आहे. परंतु ती मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. वीनर यांचे विवेचन पुढाऱ्यांना चळवळ केव्हा फलदायी वाटते हे सांगते; चळवळ नसताना लोकांच्या मनात काय असते, यावर ते मौन पाळते. त्यांच्या ‘जनते’त नोकरीची आशा धरणारा तरुण येतो, भाडेकरू ठेवणारा घरमालक, उधारीवर माल देणारा दुकानदार, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या स्त्रिया येत नाहीत. शिवाय तेलंगणाच्याच उदाहरणातली विसंगती विचारार्ह आहे. ज्या मुलखातून सोलापूरचे विणकर आले, त्याच मुलखात १९६९ मध्ये किनारी आंध्रातून आलेल्या लोकांविरुद्ध मुल्की हक्कांसाठी प्रखर आंदोलन झाले. एकाच प्रदेशाचा माणूस एका गावी ‘भूमिपुत्र’ आणि दुसऱ्या गावी ‘उपरा’ ठरतो. तेव्हा ‘बाहेरचा’ हा माणसाचा गुण नव्हे, ती त्याला दिलेली जागा आहे.

फ्रीमन यांच्या उपपत्तीचेही सोलापुरात असेच होते. त्यांच्या मांडणीत लाभ घेणारा मालक आणि झीज सोसणारी जनता हे दोन निराळे पक्ष आहेत. सोलापूरच्या यंत्रमाग धंद्यात कारखानदारही पुष्कळदा त्याच समाजाचा, कामगारही त्याच समाजाचा, आणि मतदार म्हणून दोघेही ‘जनता’च. ज्याला फ्रीमन संघटित हितसंबंधी म्हणतात, तो येथे लोकमताच्या बाहेर उभा नसून त्याचाच एक भाग आहे.

४

आता या साऱ्या विवेचनावर एक मोठा आक्षेप येऊ शकतो, आणि त्याचा योग्य तो मान राखला पाहिजे. पद्मशाली विणकर आज भारताचे नागरिक आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरच्या बाजूनेच हैदराबाद संस्थानात शिरली आणि ती जुनी सीमा थोड्याच दिवसांत अर्थहीन झाली. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकास देशभर संचार व वास्तव्य करण्याचा हक्क दिला. परकीयास तो हक्क नाही. हान्स म्युलर प्रकरणात १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परकीयास देशाबाहेर काढण्याचा शासनाचा अधिकार अतिशय व्यापक असल्याचे सांगितले. कोणत्याही सार्वभौम राज्यास हा अधिकार असावयास हवा, आणि सीमा ओलांडून विनापरवाना येणाऱ्यांविषयी सीमाप्रांतातील जनतेला वाटणारी चिंता केवळ पूर्वग्रह म्हणून झटकून टाकता येत नाही. मग देशांतर्गत स्थलांतराच्या उदाहरणावरून परकीयांविषयीच्या कायद्याबद्दल अनुमान काढणे कितपत युक्त आहे?

आक्षेपाचे उत्तर कायद्याच्या अंमलबजावणीच्या स्वरूपात आहे. कायद्याच्या पुस्तकात नागरिक आणि परकीय हे दोन वर्ग स्पष्टपणे विभक्त आहेत. परंतु पोलीस जेव्हा वस्तीत जातो, तेव्हा समोरचा माणूस कोणत्या वर्गातला हेच ठरावयाचे असते. ते ठरेपर्यंत त्याच्याजवळ भाषा, पेहराव, वस्ती आणि धर्म याखेरीज दुसरे गमक नसते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या नवव्या कलमाने आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकला होता. १ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या नव्या कायद्याने जुना कायदा रद्द केला, परंतु हा भार जेथल्या तेथे ठेवला. परकीयास बाहेर काढण्याचा केंद्राचा अधिकार १९५८ मध्ये राज्य सरकारांकडे सोपविण्यात आला, आणि तेथून तो पोलीस यंत्रणेत उतरला. २०१२ ते २०१४ या काळात केंद्रीय गृहखाते सोलापूरचे खासदार सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे होते. परंतु गृहमंत्री कोणीही असो, या कायद्याचा पहिला निर्णय चौकीवरच्या शिपायाच्या नजरेत होतो.

महाराष्ट्रातील दोन घटना या दृष्टीने बोधप्रद आहेत. जुलै १९९८ मध्ये, मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना, मुंबईतील बंगाली बोलणाऱ्या काही लोकांना बांगलादेशी ठरवून पोलीस बंदोबस्तात रेल्वेने बंगालकडे पाठविण्यात आले. पश्चिम बंगालमधील उलुबेडिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले आणि दोन राज्य सरकारांत जाहीर वाद झाला. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात पकडून बांगलादेशाच्या सीमेपार घालविलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना, ते भारतीय असल्याचे त्यांच्या राज्याने दाखवून दिल्यावर, परत आणावे लागले. दोन्ही वेळी मुंबईत आणि बंगालमध्ये ‘लोकमत’ निरनिराळे होते. याचे कारण बंगाली माणूस स्वभावतः उदार आणि मुंबईकर अनुदार, असे नव्हे. मुंबईच्या दृष्टीने तो एका वर्गाचा नमुना होता, उलुबेडियाच्या दृष्टीने तो आपल्या गावचा माणूस होता.

५

येथून प्रस्तुत विवेचनाच्या मुख्य प्रतिपादनाकडे येता येते. जनता आणि नेते यांच्यातील म्हणून जे अंतर दाखविले जाते, ते वस्तुतः वर्गाविषयीचे मत आणि व्यक्तीविषयीचे मत यांच्यातील अंतर आहे. आणि ते जनतेच्या मनात जसे आहे तसेच नेत्यांच्या मनातही आहे. ‘घुसखोरांना हाकलावे काय?’ असे विचारल्यास बहुसंख्य लोक होय म्हणतील. ‘पलीकडच्या गल्लीतील, अमक्या कारखान्यात दहा वर्षे माग चालविणाऱ्या माणसाला कागद नाहीत म्हणून आज रात्री न्यावे काय?’ असे विचारल्यास तेच लोक थबकतील. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असतील. वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्येच दाखवून दिले होते की, जे जग लोकांनी पाहिलेले नसते त्याविषयी ते मनात उभ्या केलेल्या प्रतिमेवरून मत बनवितात. पाहणीचा पहिला प्रश्न प्रतिमेला विचारलेला असतो. अंमलबजावणी मात्र माणसाची होते.

नेत्यांच्या बाबतीत या अंतराचे माप आकड्यांत सापडते. १९९७ मध्ये गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी देशातील अवैध स्थलांतरितांची संख्या एक कोटी सांगितली. जुलै २००४ मध्ये गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत ती एक कोटी वीस लाख, आणि त्यांपैकी पन्नास लाख आसामात, अशी दिली. आणि लवकरच हे आकडे ऐकीव माहितीवर आधारलेले असल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी दोन कोटींचा आकडा सांगितला. हे तिघे तीन निरनिराळ्या पक्षांचे होते. याउलट आसामात जेव्हा माणूस-माणूस तपासून राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार झाली, तेव्हा ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून वगळलेल्यांची संख्या १९,०६,६५७ भरली. आणि तीही अंतिम निर्णयाची नव्हे, कारण वगळलेल्यास न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग मोकळा ठेवला होता. वर्गाची गणना व्यासपीठावर होते तेव्हा ती कोटींत असते. व्यक्तींची गणना कचेरीत होते तेव्हा ती घटते, आणि ती कोणालाच समाधान देत नाही. ज्यांनी नोंदवहीची मागणी केली होती, त्यांतलेच पुष्कळजण पुढे तिच्यावर असंतुष्ट राहिले, याचे रहस्य येथे आहे.

६

वर्गावरून व्यक्तीचा निवाडा करणाऱ्या कायद्याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासाठी सोलापूरकरास आसामपर्यंत जाण्याचे कारण नाही. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, आणि पुढे १९२४ च्या एकत्रित कायद्याखाली, ज्या वसाहती मुंबई इलाख्यात वसविण्यात आल्या, त्यांतील एक प्रमुख वसाहत सोलापुरात होती. तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या त्या माणसांना हजेरी द्यावी लागे, बाहेर जाण्यास परवाना लागे. दिवसा त्यांतले अनेकजण नगरातील गिरण्यांत काम करीत. म्हणजे गिरणीत ती व्यक्ती कामगार होती आणि कुंपणात ती एका वर्गाची घटक होती. त्यांचा अपराध शाबीत करावा लागत नसे. जन्म पुरेसा होता. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. अनंतशयनम् अय्यंगार समितीच्या चौकशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने निदान तत्त्वतः तरी जमातीऐवजी त्या त्या व्यक्तीची न्यायालयीन शिक्षा हा निकष धरला. कायदा वर्गाकडून व्यक्तीकडे आला. नजर मात्र तितक्या लवकर आली नाही, याची साक्ष विमुक्तांच्या आत्मकथनांतून मिळते. ‘सेटलमेंट’ हा शब्द कुंपण गेल्यावरही सोलापूरच्या बोलण्यातून गेला नाही.

आणखी एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. समतेच्या हक्काखाली कायद्याने केलेले वर्गीकरण केव्हा वाजवी ठरते, याची सर्वोच्च न्यायालयाने केलेली आरंभीची महत्त्वाची चर्चा सोलापूरच्याच गिरणीच्या प्रकरणात झाली. १९४९ मध्ये बंद पडलेली जुनी मिल सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने दावा लावला. १९५० च्या बहुमताच्या निकालाने असे ठरविले की, वर्गीकरण अवाजवी असल्याचे दाखविण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर आहे. हा भार आणि परकीय नागरिक कायद्यातील भार भिन्न जातीचे आहेत. एक कायद्याच्या वैधतेविषयी आहे, दुसरा माणसाच्या नागरिकत्वाविषयी. परंतु दोन्हींची तुलना एका बाबतीत उद्बोधक आहे. भागधारक वकील लावून दिल्लीस जाऊ शकतो, आणि हरला तरी त्याचे घर राहते. विडी वळणाऱ्या बाईला आपल्या वडिलांचा जन्म कोठे झाला याचा कागद मागितला, तर तिच्याजवळ बहुधा रेशनकार्डापलीकडे काही असत नाही. आणि ती हरली तर घरच जाते. सोलापूरच्या पूर्वभागातील किती घरांत शंभर वर्षांपूर्वी तेलंगणातून निघाल्याचा लेखी पुरावा असेल, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

७

या चिकित्सेतून निघणारे निष्कर्ष मर्यादित परंतु निश्चित आहेत. लोकमत कठोर आणि नेतृत्व उदार, किंवा त्याच्या उलट, यांपैकी कोणतेही विधान प्रश्न कसा विचारला हे सांगितल्याशिवाय अर्थपूर्ण होत नाही. वीनर आणि फ्रीमन यांच्या उपपत्ती पुढाऱ्यांच्या वर्तनाचे स्पष्टीकरण करतात. लोकमताचे स्पष्टीकरण म्हणून त्या अपुऱ्या पडतात, कारण शेजार, धंदा आणि मतपेटी यांतून व्यक्त होणारे मत त्यांच्या साधनांत उतरत नाही. अशा मताचा शोध सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव यांसारख्या माग चालणाऱ्या गावांत घेता येईल. तेथील भाडेचिठ्ठ्या, शाळांची दाखल-पत्रके, सहकारी संस्थांचे सभासद-रजिस्टर आणि नगरपालिकेच्या निवडणुकांचे निकाल ही साधने अभ्यासकांच्या हाताशी आहेत.

कायद्याच्या दृष्टीने निष्कर्ष असा की, परकीयास बाहेर काढण्याचा अधिकार मान्य करूनही, परकीय कोण हे ठरविण्याची पद्धत व्यक्तिशः चौकशीची, सकारण निर्णयाची आणि अपिलाला वाव देणारी असली पाहिजे; आणि जो पुरावा शासनाच्या दप्तरात असू शकतो, तो शोधण्याचे काम गरिबाच्या माथी मारता कामा नये. ‘लोकांनाच हे हवे आहे’ असे सांगून ही पद्धत टाळता येणार नाही. लोकांनी ज्याला होकार दिलेला असतो तो एक शब्द असतो. त्या शब्दाखाली उद्या कोणाला उचलले जाईल, हे त्यांना विचारलेले नसते. विचारले असता ते काय सांगतील, याचे एक उत्तर सोलापूरने आपल्या पेठांतून आणि मतपेट्यांतून पूर्वीच देऊन ठेवले आहे.